थंडीत सकाळी निघण्याआधी गाडी गरम करावी का?

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याच्या कुशीतल्या गावांमध्ये सकाळी एक दृश्य हमखास दिसते. जीप किंवा कार अंगणात चालू करून ठेवलेली असते, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत असते आणि चालक चहा घेत असतो. ‘इंजिन थंड आहे, आधी गरम होऊ द्या’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अक्कलकुवा, मोलगी, धडगावच नव्हे, तर जिथे थोडीफार थंडी पडते त्या प्रत्येक गावात ती आढळते.

थोडक्यात उत्तर असे: इंजेक्शन पद्धतीच्या आधुनिक पेट्रोल गाडीला महाराष्ट्रातल्या थंडीत सुमारे अर्धा मिनिट पुरेसे असते. त्यानंतर पहिले काही किलोमीटर सावकाश चालवणे हाच गाडी गरम करण्याचा योग्य मार्ग आहे. उभी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवल्याने इंजिनाला फायदा होत नाही, उलट थोडे नुकसानच होते. याला काही अपवाद आहेत, आणि एक धोका जिवावर बेतणारा आहे. दोन्हींची माहिती पुढे दिली आहे.

सातपुड्यातली थंडी किती आणि कशी?

अक्कलकुवा शहर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथून देवगोई घाट चढून मोलगीकडे गेले की हवा बदलते. तालुक्यातल्या डाब परिसरात आणि शेजारच्या अक्राणी तालुक्यातल्या तोरणमाळला कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. गवतावर, पेंढ्यावर आणि उघड्यावर लावलेल्या गाड्यांच्या टपावर बर्फाचा पातळ थर दिसतो.

याचा अर्थ हवेचे तापमान शून्याखाली गेलेच असे नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन, गवत आणि पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा जास्त थंड होतात. त्यामुळे माणसाच्या उंचीवर हवा दोन-तीन अंश असली, तरी गाडीच्या टपावर आणि काचेवर दव गोठू शकते. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून खाली येऊन खोलगट जागेत साचते. म्हणूनच एकाच गावात वरच्या पाड्यावर दव ओले आणि खालच्या शेतात गोठलेले, असेही घडते.

गाडीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चालू इंजिनातल्या कूलंटचे नेहमीचे तापमान साधारण ९० अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्यात सकाळी २५ अंशांवर सुरू होणाऱ्या इंजिनाला ६५ अंशांचा पल्ला गाठायचा असतो, तर ५ अंशांवर सुरू होणाऱ्याला ८५ अंशांचा. म्हणजे एप्रिलमध्येही रात्रभर उभी असलेली गाडी इंजिनाच्या हिशेबाने थंडच असते. हिवाळ्यात हे अंतर थोडे वाढते, इतकेच.

ही सवय आली कुठून?

ही समजूत एके काळी बरोबर होती. जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये कार्बुरेटर असे. हवेच्या ओढीने पेट्रोल खेचून त्याचे हवेशी मिश्रण करणारे ते यंत्र होते. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, त्यामुळे मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडते. मग चालक चोक ओढून हवा कमी करत आणि इंजिन स्थिर फिरू लागेपर्यंत थांबत. न थांबता निघाले की गाडी धक्के खात बंद पडे. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि सुरुवातीच्या मारुती ८०० चालवलेल्या पिढीला हा अनुभव नवा नाही.

पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसे नव्या गाड्यांमधून कार्बुरेटर गेला आणि इंधन इंजेक्शन आले. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक मोटारसायकलीही इंजेक्शनवर आल्या. या पद्धतीत तापमान मोजणारे सेन्सर असतात. इंजिन थंड आहे हे ओळखून संगणक स्वतःच जास्त इंधन सोडतो आणि इंजिन गरम होईल तसे ते कमी करतो. पूर्वी चोक ओढून चालक जे काम करत होता, ते आता गाडी स्वतः करते. यंत्र बदलले, पण सवय तशीच राहिली.

इंजिन ऑइलचे काय?

‘रात्रभरात ऑइल खाली बसते, ते वर चढू द्यावे लागते’ हा दुसरा युक्तिवाद. यात तथ्य आहे, पण वेळेचा अंदाज चुकलेला आहे. इंजिन सुरू होताच ऑइल पंप फिरू लागतो आणि काही सेकंदांत ऑइल बेअरिंगपर्यंत पोचते. डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा लाल दिवा विझतो, ती याचीच खूण असते. अर्ध्या मिनिटात हे काम पूर्ण होते.

थंडीत ऑइल घट्ट होते, हे खरे. पण किती थंडीत किती घट्ट, हे डब्यावरच लिहिलेले असते. ५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० या आकड्यांतला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंशांवर, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर होते. डाबच्या सर्वात थंड पहाटेपेक्षाही हे आकडे कितीतरी खाली आहेत. त्यामुळे कंपनीने सांगितलेले ऑइल वेळेवर बदललेले असेल, तर सातपुड्यातल्या थंडीला ते पुरून उरते. खरी अडचण येते ती चुकीच्या दर्जाच्या किंवा मुदत उलटून काळ्या, घट्ट झालेल्या ऑइलमुळे. अशा ऑइलवर गाडी दहा मिनिटे उभी चालवली, तरी दोष जात नाही.

उभी गाडी चालू ठेवल्याने नुकसान कसे होते?

उभ्या गाडीचे इंजिन फार थोडे काम करते, म्हणून थोडे इंधन जाळते आणि थोडीच उष्णता निर्माण करते. सावकाश चालवलेली गाडी साधारण पाच ते दहा मिनिटांत गरम होते, उभ्या गाडीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. शिवाय इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि टायर हेही थंड असतात. गाडी उभी असताना यातले काहीच गरम होत नाही. ते चालल्यावरच गरम होते.

थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडले जाते, हे वर आले आहे. त्यातले थोडे न जळता सिलिंडरच्या भिंतीवर बसते, तिथला ऑइलचा पातळ थर धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. इंजिन जितका जास्त वेळ अर्धवट थंड राहील, तितके हे जास्त चालते. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. उभ्या गाडीत तो हळू तापतो, त्यामुळे अंगणात सर्वात घाण धूर सोडला जातो.

आता खर्च. लहान पेट्रोल कार उभी चालू असताना तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. रोज दहा मिनिटे आणि थंडीचे ६० दिवस धरले, तर एकूण १० तास होतात, म्हणजे ५ ते १० लिटर पेट्रोल. १०० रुपये लिटर या भावाने ५०० ते १,००० रुपये होतात. लिटरमागे २० किलोमीटर चालणारी कार एवढ्या पेट्रोलमध्ये १०० ते २०० किलोमीटर जाऊ शकते. घरटी रक्कम मोठी वाटत नसली, तरी रोजच्या फेऱ्यांवर पोट असलेल्या जीपचालकाला ती जाणवते.

हिवाळ्यात मायलेज कमी मिळते, ही तक्रार मात्र खरी आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांवर शहरातल्या प्रवासात पेट्रोल गाडीचे मायलेज सुमारे १५ टक्के घटते, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेरीत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे थंडी तेवढी नसल्याने घटही कमी असते. पण त्यातून मिळणारा धडा इथेही लागू पडतो: थंड इंजिनावर चार छोट्या फेऱ्या मारण्यापेक्षा कामे एकत्र करून एकच फेरी मारणे स्वस्त पडते.

डिझेल जीप आणि पिकअपचे काय?

डोंगराळ भागातली प्रवासी आणि मालवाहतूक मुख्यतः डिझेल गाड्यांवर चालते, आणि डिझेल इंजिन वेगळ्या पद्धतीने सुरू होते. त्यात ठिणगी नसते. हवा जोरात दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. सिलिंडर फार थंड असेल तर ही उष्णता कमी पडते, म्हणून अनेक डिझेल इंजिनांत ग्लो प्लग असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘हीटर’ही म्हणतात.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेसारखे पिवळे चिन्ह दिसते. ते विझेपर्यंत थांबावे आणि मगच सेल्फ मारावा. हे थांबणे इंजिन सुरू होण्याआधीचे असते आणि काही सेकंदांचेच असते. डिझेल गाडीत ‘आधी गरम करणे’ याचा खरा अर्थ हा आहे. चिन्ह विझल्यावरही गाडी रोज सकाळी बराच वेळ सेल्फ मारूनच सुरू होत असेल आणि सुरुवातीला भरपूर पांढरा धूर सोडत असेल, तर एखादा ग्लो प्लग निकामी झालेला असण्याची शक्यता असते. तो तपासून घ्यावा.

डिझेल इंजिन मुळातच कमी उष्णता वाया घालवते, त्यामुळे उभे राहून ते पेट्रोल इंजिनापेक्षाही हळू तापते. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी वारंवार बराच वेळ उभी चालू ठेवली, तर तो लवकर भरतो.

टर्बो असलेल्या गाडीत एक काळजी जास्त घ्यावी लागते. टर्बो फार वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग ऑइलवरच टिकते. म्हणून सुरू करताच रेस देणे त्याला घातक ठरते. तसेच घाट चढून आल्यावर लगेच किल्ली बंद करू नये. मिनिटभर गाडी चालू ठेवून टर्बोला थंड होऊ द्यावे. थंडीत गाडी उभी चालू ठेवण्याचा खरा उपयोग निघताना नव्हे, तर पोचल्यावर असतो.

जास्त थांबणे योग्य ठरेल असे प्रसंग

कार्बुरेटरची जुनी मोटारसायकल किंवा कार असेल, तर चोक ओढून मिनिटभर थांबावे. इंजिन स्थिर झाले की चोक परत ढकलावा. तो ओढलेलाच राहिला तर पेट्रोल वाया जाते आणि प्लग काळा पडतो.

घरातून निघताच खडी चढण असेल, तर एक-दोन मिनिटे थांबणे रास्त आहे, कारण थंड इंजिनावर पूर्ण भार पडणे चांगले नाही. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणाऱ्या गाडीला घाट लागण्याआधी पायथ्याचा रस्ता मिळतो, तिथे इंजिन आपोआप तापते. पण डोंगरातल्या पाड्यावरून, माणसे आणि माल भरून थेट चढणीला लागणाऱ्या पिकअपची स्थिती वेगळी असते.

काचेवर दव गोठले असेल किंवा आतून धुके धरले असेल, तर काच पूर्ण साफ होईपर्यंत निघूच नये. इथे प्रश्न इंजिनाचा नसून दिसण्याचा आहे. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नये. तापमानातल्या एकदम फरकामुळे काच तडकू शकते. प्लास्टिकच्या कार्डाने थर खरवडावा आणि कोरड्या कापडाने पुसावे. आतले धुके एसी चालू ठेवून हवेचा झोत काचेवर सोडला की लवकर जाते, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. एसी नसेल तर खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. रात्री काचेवर गोणपाट टाकले किंवा गाडी झाडाखाली लावली, तर दव मुळात गोठतच नाही, कारण काचेची उष्णता थेट आकाशाकडे जात नाही.

शून्याच्या खूप खाली जाणाऱ्या प्रदेशांची गोष्ट निराळी आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात साधे डिझेलच घट्ट होते. त्यातले मेण वेगळे होऊन फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल तिथे उपलब्ध केले. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात राहणारी मराठी कुटुंबे रात्री गाडीची वायर विजेच्या सॉकेटला लावून ठेवतात, तो ‘ब्लॉक हीटर’ असतो. तो इंजिन बंद असतानाच कूलंट गरम ठेवतो. इतक्या थंड देशांतही इंजिन चालू ठेवून गाडी गरम करणे हा उपाय मानला जात नाही. जर्मनीत तर विनाकारण उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्यास वाहतूक नियमांनीच मनाई आहे.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नसल्याने ते गरम करण्याचा प्रश्न नाही. मात्र थंडीत बॅटरी कमी क्षमतेने चालते आणि हीटरही तिच्यातूनच वीज घेतो. त्यामुळे अशी सोय असलेली गाडी चार्जरला लावलेली असतानाच आतून गरम करून घेणे फायद्याचे असते. ती वीज घरच्या मीटरवरून जाते, बॅटरीतून नाही.

सर्वात मोठा धोका: बंद जागेतला धूर

थंडीमुळे गाडी अनेकदा शेडमध्ये, पडवीत किंवा घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये लावली जाते आणि दार बंद ठेवूनच चालू केली जाते. हे अत्यंत घातक आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. थंड इंजिनात इंधन जास्त असल्याने आणि कन्व्हर्टर तापलेला नसल्याने त्याचे प्रमाण आणखी वाढते. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे आहेत. झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत.

म्हणून गाडी आधी बाहेर काढावी, मग काय ते थांबावे. दार अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. सायलेन्सरचे तोंड घराच्या खिडकीकडे किंवा गोठ्याकडे असू नये. ऊब मिळावी म्हणून काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. कोणाला त्रास जाणवल्यास त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इंजिन किंवा डिझेलची टाकी तापवण्यासाठी खाली शेकोटी किंवा पेटते टेंभे धरण्याचा प्रकारही टाळावा. गळलेले थोडेसे इंधन किंवा तेलकट धूळ पेट घ्यायला पुरेशी असते.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी उभ्या वाहनाच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असणे आवश्यक आहे. म्हणजे रस्त्यावर गाडी चालू ठेवून चहाला जाणे हा नियमभंग आहे. घाटातल्या उतारावर अशी गाडी घरंगळू शकते, हे वेगळेच.

थंडीची खरी तयारी

थंड सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर दोष बहुतेक वेळा बॅटरीचा असतो. शून्याच्या आसपास बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे सेल्फला जास्त जोर लागतो. उन्हाळ्याच्या उष्णतेने आधीच थकलेली बॅटरी मग हिवाळ्यात साथ सोडते. म्हणून थंडी सुरू होण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी आणि तिच्या टोकांवर साचलेला पांढरट थर साफ करावा.

सकाळचा क्रम असा ठेवावा:

१. दिवे, पंखा, एसी आणि गाणी बंद ठेवावीत. डिझेल गाडीत ग्लो प्लगचे चिन्ह विझू द्यावे.

२. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबावा आणि सेल्फ मारावा. पाच-दहा सेकंदांत गाडी सुरू झाली नाही, तर अर्धा मिनिट थांबून पुन्हा प्रयत्न करावा. सतत सेल्फ मारल्याने बॅटरी उतरते आणि स्टार्टर तापतो.

३. सुरू झाल्यावर रेस देऊ नये. तीस सेकंदांत सीटबेल्ट लावावा, आरसे आणि काचा पाहाव्यात, डॅशबोर्डवरचे लाल दिवे विझल्याची खात्री करावी.

४. पहिले चार-पाच किलोमीटर मध्यम वेगाने जावे, एक्सलरेटर जोरात दाबू नये. तापमानाचा काटा मधल्या जागी येईपर्यंत इंजिनावर जास्त भार टाकू नये.

५. टायरमधली हवा महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना तपासावी. तापमान दर साडेपाच अंशांनी उतरले की हवेचा दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो. दुपारी पायथ्याशी भरलेली हवा पहाटे डोंगरावर तीन-चार पीएसआयने कमी भरू शकते.

इंजिन गरम व्हावेच लागते, यात शंका नाही. प्रश्न फक्त ते कुठे गरम करायचे हा आहे. सातपुड्यातल्या थंडीत त्यासाठी अंगणात दहा मिनिटे गाडी उभी ठेवण्याची गरज नाही. रस्त्यावरचे पहिले चार-पाच किलोमीटर तेच काम कमी वेळात, कमी इंधनात आणि घरातल्यांना धूर न देता करतात.